चव, चटक आणि चाकरी



आज आपण मुलांविषयी बोलणार आहोत. अगदी लहान मुलांविषयी नव्हे. बारा-तेरा वर्षांपासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींविषयी. या वयाचं पोर ना लहान, ना मोठं. घरात तोंड उघडत नाही आणि पारावर बसलं की बोलणं थांबत नाही. आईबापाला वाटतं, याला काही कळत नाही. पोराला वाटतं, यांना काही कळत नाही.

नेमक्या याच वयात व्यसन पोराच्या वाटेत येऊन उभं राहतं. मी प्राथमिक शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं. सहावी-सातवीची मुलं रोज डोळ्यांपुढे होती. शाळा सुटल्यावर पुढे त्यांचं काय झालं, तेही पाहिलं. एक गोष्ट पक्की ध्यानात आली. चाळिशीचा माणूस उठून नव्यानं तंबाखू खायला लागला, असं क्वचित घडतं. ज्याला लागतं, त्याला बहुधा पोरवयातच लागतं. म्हणजे हे वय सांभाळलं, तर पुढचं पुष्कळ सांभाळलं जातं.

व्यसनाची सुरुवात कुठून होते?

व्यसन म्हटलं की आपल्यापुढे दारुडा उभा राहतो. झोकांड्या खाणारा, बायकोला मारणारा. पण पोरांची सुरुवात तिथून होत नाही. सुरुवात होते गोड सुपारीच्या पुडीपासून. ती चार पैशांत मिळते आणि तिचा कोणाला संशयही येत नाही. मग येतो मावा. विदर्भात त्याला खर्रा म्हणतात. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोटून तो तयार करतात. मग येतो गुटखा. महाराष्ट्रात २०१२ सालापासून गुटख्यावर बंदी आहे. तरी तो चोरून विकला जातो, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. पुढे विडी-सिगारेट, दारू, गांजा. काही पोरं पंक्चर काढायचं सोल्युशन रुमालावर घेऊन हुंगतात. काही खोकल्याचं औषध बाटलीच्या बाटली पितात. सोल्युशन हुंगल्यानं पहिल्याच वेळी हृदय बंद पडून पोर दगावू शकतं. हे फार थोड्या आईबापांना ठाऊक असतं.

२०१६-१७ साली देशभर एक मोठी सरकारी पाहणी झाली. तीत महाराष्ट्राचा आकडा असा निघाला. पंधरा वर्षांवरील दर १०० माणसांत सुमारे २७ माणसं कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात. त्यांतली बहुतेक, म्हणजे २४, तंबाखू तोंडात धरतात किंवा दातांना लावतात. आपल्याकडे धुरापेक्षा चघळणंच जास्त.

कोणी म्हणतात, "गुरुजी, तंबाखू तर वाडवडलांपासून चालत आलीय." मंडळी, हे पूर्ण खरं नाही. तंबाखूचं झाड मूळचं अमेरिकेतलं. पोर्तुगीज लोकांनी ते जहाजातून आपल्या देशात आणलं. त्याला चारशे वर्षांहून थोडा अधिक काळ झाला. ज्ञानेश्वर महाराजांच्या काळात आपल्याकडे तंबाखूचं पानसुद्धा नव्हतं. त्या काळीही माणसं शेतात राबत होती, पंढरीला चालत जात होती. त्यांचं तंबाखूवाचून काही अडत नव्हतं.

तीन पायऱ्या

व्यसनाच्या तीन पायऱ्या आहेत. मी त्यांना नावं ठेवली आहेत. चव, चटक आणि चाकरी. मुलांच्या तोंडी बसावीत म्हणून ही नावं.

पहिली पायरी चव. पोर जत्रेत जातं. लग्नाच्या वरातीत नाचतं. निवडणुकीच्या दिवसांत मोठ्या पोरांच्या मागे फिरतं. कोणीतरी पुडी पुढे करतं आणि म्हणतं, "घे रे, एकदा घेतल्यानं काय होतं? बाईमाणूस आहेस का?" पोराला पुडीची हाव नसते. आपल्याला भित्रा म्हणतील, याचं भय असतं. म्हणून ते घेतं. चक्कर येते, उलटी येते. शरीर सांगत असतं, हे विष आहे. पण मित्र हसतात, म्हणून पोर दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतं.

दुसरी पायरी चटक. आता उलटी होत नाही. बरं वाटतं. एकाच्या दोन पुड्या होतात. आईच्या डब्यातले पैसे कमी होतात. शाळा बुडते. पण अजून पोर सोडू शकतं. थोडं समजावलं, थोडी सोबत दिली, तर सोडतं. मंडळी, आपण जागं राहायचं ते या पायरीवर.

तिसरी पायरी चाकरी. आता पुडी धनी आणि पोर गडी. सकाळी उठल्याबरोबर पहिली आठवण पुडीची. ती नसली की डोकं दुखतं, हात थरथरतात, रागाचा पारा चढतो. आता ते मजेसाठी खात नाही. त्रास होऊ नये म्हणून खातं. नुकसान दिसत असतं, तरी सुटत नाही.

असं का होतं? यात पोराच्या वाईटपणाचा भाग नाही. शरीराचा भाग आहे. तुम्ही बैल हाकता. नवा बैल शब्दावर चालतो. त्याला उगीच उठता बसता पराणी टोचली, तर काय होतं? तो पराणीला सरावतो. मग नुसत्या शब्दावर पाऊल उचलत नाही. टोचणी वाढवावी लागते. आपल्या मेंदूचं तसंच आहे. चांगलं जेवलं, खेळात जिंकलं, कोणी शाबासकी दिली, की मेंदू आपणहून आनंदी होतो. तो शब्दावर चालणारा बैल आहे. तंबाखूत निकोटिन नावाचं द्रव्य असतं. ते मेंदूला पराणी टोचतं. दारू, गांजा यांचीही टोचणी असते. काही दिवसांनी मेंदूला टोचणीवाचून आनंद होईनासा होतो. जेवण बेचव लागतं. खेळ नकोसा होतो.

आणि पोरांचा मेंदू अजून कच्चा असतो. मिशी आली म्हणून मेंदू पिकला असं नाही. माणसाचा मेंदू सुमारे पंचविशीपर्यंत घडत असतो. त्यातही मागचापुढचा विचार करणारा, मनाला लगाम घालणारा भाग सगळ्यांत शेवटी पक्का होतो. म्हणून पोरवयात लागलेलं व्यसन खोल रुजतं. कच्च्या घड्यावर बोट उमटलं, तर भाजल्यावर ते तसंच राहतं.

मुलांना सांगायचं कसं?

पुष्कळ घरांत दोनच उपाय चालतात. एक भीती घालायची, दुसरा मार द्यायचा. भीती घातली की पोर पारावर जाऊन पाहतं. तिथं म्हातारे तंबाखू मळत बसलेले असतात, चांगले ऐंशी वर्षांचे. पोर म्हणतं, बाप खोटं बोलतो. मार दिला की पोर सोडत नाही, लपवायला शिकतं. मग तिसऱ्या पायरीवर जाईपर्यंत आपल्याला पत्ता लागत नाही.

मग करायचं काय? गाडगेबाबा आठवा. बाबा कीर्तनात आधी प्रश्न विचारीत. लोकांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. आपणही पोराला प्रश्न विचारावा. भाकरी खाताना, रानात जाताना सहज विचारावं. "तुमच्या वर्गात कोण कोण मावा खातं रे?" असं विचारलं तर पोर गप्प होईल. दुसऱ्यांची नावं मागू नका. त्यापेक्षा विचारा, "तुला कोणी पुडी दिली, तर तू काय म्हणशील?" आणि मग ऐका. मध्ये बोलू नका. पोर बोललं, तर निम्मं काम झालं.

नाही म्हणणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. मी शाळेत याचा पाठ घेत असे. एका मुलानं पुडी द्यायची, दुसऱ्यानं नाही म्हणायचं. पोरं एकेक उत्तर शोधीत. एक जण म्हणाला, "नको. कबड्डीत दम पुरत नाही." दुसरा म्हणाला, "तुझं तुला लखलाभ." एक मुलगी म्हणाली, "मला नको, आणि मी का नको म्हणते ते तुला सांगायला मी बांधलेली नाही." वर्ग खो खो हसला, पण सगळ्यांनी ते उत्तर लिहून घेतलं. ज्यानं दहा वेळा पाठात नाही म्हटलं, त्याला जत्रेत नाही म्हणायला जीभ अडखळत नाही.

पोराला खरा हिशेबही करू द्या. समजा, एक मावा २० रुपयांचा. दिवसाला दोन. म्हणजे ४० रुपये. वर्षाचे दिवस ३६५. वर्षाला झाले १४,६०० रुपये. पाच वर्षांचे ७३,०००. एवढ्या पैशांत दावणीला चार-पाच चांगल्या शेळ्या येतात. हा गुणाकार तुम्ही करून दाखवू नका. पोरानंच करावा. स्वतः काढलेलं उत्तर विसरत नाही.

आणखी एक. तुम्हाला आता अक्षर लागलं आहे. तंबाखूच्या पुडीवर काय छापलेलं असतं, ते वाचा. २०१६ सालापासून पुडीच्या दोन्ही बाजूंचा बहुतेक भाग इशाऱ्यानं आणि चित्रानं व्यापावा, असा नियम आहे. पोराला म्हणा, "मला एवढं वाचून दाखव." काल तुम्हाला वाचता येत नव्हतं. आज येतं, तर त्याचा असाही उपयोग करा.

तीन बोटांची परीक्षा

आता एक साधी परीक्षा सांगतो. आपली मधली तीन बोटं एकावर एक उभी धरा. तोंड पूर्ण उघडा. ही तिन्ही बोटं वरच्या आणि खालच्या दातांमध्ये गेली पाहिजेत. निरोगी मोठ्या माणसाची जातात. लहान पोरानं आपलीच बोटं धरावीत.

सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्याच्या गालाची आतली कातडी हळूहळू ताठ होते. आधी तिखट झोंबू लागतं. मग तोंड कमी उघडतं. तीनाची दोन बोटं, दोनाचं एक. आमच्या शाळेतून सातवी झालेला एक मुलगा होता. नाव सांगत नाही. विशीत त्याच्या तोंडात दीड बोट जात होतं. आईनं भाकरी दुधात कुस्करून द्यावी, तेव्हा तो जेवे. हा ताठरपणा एकदा आला की पूर्ण मोडत नाही. सुपारी-तंबाखू तिथंच सोडली, तर त्याची वाढ मंदावू शकते. न सोडली, तर पुढे तोंडाचा कर्करोग होण्याचा धोका मोठा. नुसत्या सुपारीनंही कर्करोग होतो. म्हणून "सुपारीच तर खातो" असं म्हणू नका. आपल्या देशात पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग अगदी पुढच्या ओळीत आहे.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत फोड बरा झाला नाही, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. लाजू नका. वेळेवर दाखवलं तर इलाज होतो.

आईचा प्रश्न

एका गावच्या वर्गात मी हेच बोलत होतो. मागून एक बाई उठल्या. म्हणाल्या, "गुरुजी, मी स्वतः रोज मिश्री लावते. लगीन झाल्यापासनं लावते. मग माझ्या पोराला कोणत्या तोंडानं सांगू?"

सगळे गप्प झाले. हा प्रश्न पुष्कळांच्या मनात होता. बापांच्या तर खिशातच होता.

मी म्हणालो, "ताई, तुमच्याइतकं चांगलं कोणीच सांगू शकणार नाही. पोराजवळ बसा आणि खरं सांगा. सांगा की, मला पंधराव्या वर्षी लागली. मला सोडावीशी वाटते. सोडली की डोकं धरतं, शौचाला होत नाही, चिडचिड होते. मी अडकले बाबा. तू अडकू नकोस."

मंडळी, पोराला निर्मळ आईबाप लागत नाहीत. खरं बोलणारे लागतात. मळलेली तंबाखू पाठीमागे लपवून आपण "तंबाखू वाईट" म्हणालो, तर पोर फक्त लपवणं शिकतं. आपण अडकलो हे सांगितलं, तर ते अडकणं शिकत नाही. आणि त्याच्यादेखत सोडायचा यत्न केला, तर त्याहून मोठा पाठ नाही. त्या बाईंनी पोरालाच सोबतीला घेतलं. भिंतीवर कोळशानं रोज एक रेघ ओढायची. मिश्री न लावलेल्या दिवसाची रेघ. मध्ये दोनदा रेघा तुटल्या. तिसऱ्यांदा चाळीसच्या पुढे गेल्या. रेघ ओढायला पोरगाच येई.

तंबाखू सोडताना पहिले तीन दिवस जड जातात. तीन-चार आठवड्यांत त्रास बराचसा ओसरतो. तलफ आली की ती पाच-दहा मिनिटांत उतरते. तेवढा वेळ काढायचा. पाणी प्यावं, बडीशेप चघळावी, हातात काम घ्यावं. तंबाखू एकदम सोडल्यानं जिवाला धोका नसतो.

दारूचं मात्र वेगळं आहे. जो अनेक वर्षं रोज भरपूर पितो, त्यानं डॉक्टरांवाचून एकदम सोडू नये. झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. त्याला आधी दवाखान्यात न्यावं.

कायदा आणि गाव

थोडं कायद्याविषयी. २००३ सालच्या कायद्यानं अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखूचा कोणताही माल विकणं गुन्हा आहे. शाळेपासून शंभर वारांच्या आत विकणंही गुन्हा आहे. २०१५ सालच्या बालकांच्या कायद्यात तर मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

आता मला सांगा. "जा रे, टपरीवरून माझी पुडी घेऊन ये," असं पोराला कोण सांगतं? आपणच सांगतो. टपरीची वाट पोराला आपण दाखवतो. ही एक गोष्ट आजपासून बंद करा. ज्याला हवी, त्यानं आपल्या पायानं जावं.

ग्रामसभेत हा विषय काढा. शाळेपासून शंभर वार दोरीनं मोजा. टपरीवाला आपलाच माणूस असतो. त्याचंही पोट आहे. त्याच्याशी भांडण नको. पण त्याला हात जोडून सांगा, की मुलांना देऊ नकोस, तुझंही पोर याच शाळेत आहे. ऐकलं तर ठीक. न ऐकलं तर कायदा आहेच. गावात दारूचं दुकान नको असेल, तर बायामाणसांना मतदान मागून ते बंद करता येतं. महाराष्ट्रात कित्येक गावांनी बाटली अशी आडवी केली आहे.

पोर सापडलं तर

शेवटची गोष्ट. पोर व्यसनात सापडलं, तर त्याला घराबाहेर काढू नका. घराबाहेर त्याला जवळ करणारे कोण असतात, ते तुम्ही जाणता. गावात बभ्रा करू नका. पण झाकूनही ठेवू नका. व्यसन हा आजार आहे. ताप आला तर आपण दवाखान्यात नेतो, तसंच न्यायचं. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण नावाचं केंद्र सुरू केलं. त्या वेळी शहरातली तरुण पोरं गर्दच्या व्यसनात बुडत होती. आज दोघेही हयात नाहीत, पण काम चालू आहे. तिथून पुष्कळ माणसं सुधारून आपल्या घरी गेली आहेत. सुटत नाही असं कोणी म्हटलं, तर त्याला हे सांगा. एकदा सोडून पुन्हा लागलं, तर तेही आजारातलंच आहे. पुन्हा उभं करायचं.

दोन आकडे लिहून घ्या. ते फुकट लागतात. व्यसन सोडण्यासाठी सल्ला हवा असेल तर १४४४६. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६. तुम्हाला आकडे वाचता येतात, लिहिता येतात. घरी गेल्यावर दाराच्या मागे खडूनं लिहा. आपल्याला लागले नाहीत, तर शेजाऱ्याला लागतील.

आणि आज रात्री जेवताना पोराला जवळ बसवा. तीन बोटांची परीक्षा सगळ्या घरानं मिळून करा. आधी तुम्ही करा, मग त्यानं करावी. हसतखेळत होऊ द्या. कोणाचं बोट अडलं, तर उद्याच दवाखान्यात जा. मग विचारा, "तुला कोणी पुडी दिली, तर तू काय म्हणशील रे?"

पुढच्या गुरुवारी वर्ग आहे. पोरांनी काय काय उत्तरं दिली, ती मला येऊन सांगा. फळ्यावर लिहू आणि सगळे मिळून वाचू.

रामराम.